दम कुणाच्या घरचा

साळूबाई लासूर स्टेशनहून आठ दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, त्याला आता चौथा महिना लागला होता. जानेवारीत गीताबाईंना दम्यानं दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा थोरली नणंद या नात्यानं त्या मिळेल त्या गाडीनं धावून आल्या. गीताबाई घरी आल्या, थंडी सरली, चौदा एप्रिलची मिरवणूक होऊन गेली, नंदनवन कॉलनीतल्या गच्च्यांवर कुरडया वाळायला लागल्या, तरी साळूबाईंची पिशवी काही कपाटावरून खाली आली नाही. आली ती काल. आणि तिच्या शेजारी दुसरी एक पिशवीही भरून ठेवलेली होती. ती गीताबाईंची होती.

"दोन महिने माझ्याकडं ऱ्हाऊ दे हिला," साळूबाईंनी शनिवारी जेवताना जाहीर केलं होतं. "लासूरची हवा मोकळी. माझ्या नजरेखाली पंप घेईल. बघा कशी सरळ होती ती."

कचरूबाबांनी मान हलवली. आक्का बोलली की मान हलवायची, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. मुलगा संघपाल मोबाईलमधून डोकं वर न काढता "हवापालट चांगलाच" म्हणाला. सून संध्यानं आमटीचं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं. गीताबाईंना कोणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी, एका वाक्याला दोन-दोन श्वास लागत असताना नणंदेशी वाद घालणं त्यांना झेपणारं नव्हतं.

साळूबाईंना हा अधिकार आला होता तो पंपामुळं. दोघी नणंद-भावजयांसारख्या नव्हे, जुळ्या बहिणींसारख्या दोन-दोन पंप बाळगून होत्या. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, आणि दुसरा निळा, धाप लागली की घ्यायचा. साळूबाई निळा पंप तोंडापुढं धरून फुस्स करत आणि थोड्याच वेळात कॉलनीत कुणाच्या सुनेनं काय केलं ते सांगायला मोकळ्या होत. गीताबाई तोच पंप घेत आणि तासभर खिडकीचा गज धरून बसत.

"मनात इश्वास पाहिजे," साळूबाई म्हणत. "औषध तेच, कंपनी तीच. मला गुण येतो आन हिला का येत नाय? मनापासून घेतच नाय ती."

त्यातून साळूबाईंना दमा नव्हताच. त्यांना अ‍ॅलर्जी होती. फार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला होता आणि साळूबाईंनी तो दागिन्यासारखा जपला होता. दमा होता तो गीताबाईंना. तो त्यांनी सिल्लोडकडच्या माहेराहून आणला, आणि संघपालला लहानपणापासून धाप लागते तीही त्याच वाटेनं आली, असं या घरात चाळीस-पंचेचाळीस वर्षं ठरून गेलेलं होतं.

रविवारी सकाळी नात मोनाली तिच्या सरांना घेऊन येणार होती. मोनाली मेडिकल कॉलेजात एम.डी. करत होती, औषधशास्त्रात. तिचे अभय सर छातीचे डॉक्टर. एकच पंप एकाला लागू पडतो आणि दुसऱ्याला का पडत नाही, त्यात आईबापाकडून आलेल्या जनुकांचा हात किती, असा त्यांचा अभ्यास चालला होता. त्यासाठी त्यांना एकाच घरातल्या दोन-तीन पिढ्यांची थुंकी हवी होती. आपलं घर या बाबतीत श्रीमंत आहे, हे मोनालीनं सरांना मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

तिनं फोनवर सूचनाही देऊन ठेवल्या होत्या. सकाळपासून कोणी पंप घ्यायचा नाही. थुंकी देऊन होईपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा. पहिली सूचना ऐकून साळूबाई कुरकुरल्या, दुसरी ऐकून कचरूबाबा खचले. गीताबाईंना पहिली सूचना पाळणं अगदीच सोपं होतं. का, ते फक्त त्यांना आणि बाल्कनीतल्या मनीप्लँटला माहीत होतं.

अभय सर आले ते "जय भीम, बाबा" म्हणत, बूट बाहेर काढून. कचरूबाबांना माणूस पसंत पडला. पण आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही म्हटल्यावर पुढं काय बोलायचं, हे त्यांना सुचेना. ते नुसतेच हात चोळत बसले.

सरांनी टीपॉयवर मोठा कागद पसरला. "आधी घराण्याचा नकाशा काढू. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. ज्यांना दमा, त्यांचा आतून काळा भरायचा."

गीताबाईंचा गोल काळा झाला. संघपालचा चौकोन झाला. मोनालीनं स्वतःचाही भरला, कारण पाचवीपर्यंत तिलाही धाप लागायची. मग पेन साळूबाईंच्या गोलाकडं वळलं.

"थांबा," साळूबाई म्हणाल्या. "माझं काळं करू नका. मला दमा नाय. अ‍ॅलर्जी हाय."

"पंप कोणता घेता, आजी?"

"हिचाच. म्हंजे हिच्यासारखाच."

"कधीपासून?"

"लई वर्षं झाली."

सरांनी मोनालीकडं पाहिलं. मोनालीनं पंख्याकडं पाहिलं.

"आजी, पुष्कळांना अ‍ॅलर्जीतूनच दमा होतो," सर म्हणाले. "आजार एकच आहे तो."

साळूबाईंनी थोडा विचार केला. "मग अर्धं भरा."

सर शहाणे होते. त्यांनी निमूटपणे अर्धा गोल भरला आणि पेन वरच्या रांगेत नेलं. तिथं साळूबाईंच्या आणि कचरूबाबांच्या आईचा गोल होता. "यांना काही त्रास होता का?"

"काय बी नाय," साळूबाई म्हणाल्या. "आमची आई खणखणीत होती."

"आक्का, आई बसूनच झोपायची की," कचरूबाबा म्हणाले. "भिंतीला वाकळ लावून. थंडीत तिच्या छातीतून आवाज यायचा शिट्टीवानी. मला वाटायचं घरात मांजर शिरलंय."

कचरूबाबांच्या मनात वावगं काहीच नव्हतं. चहा नसल्यामुळं त्यांचं भान सुटलं, असं संध्या नंतर म्हणाली. गीताबाई मात्र नवऱ्याकडं बघतच राहिल्या. त्यांच्या माहेराचा उद्धार या बैठकीत, याच माणसासमोर, किती वेळा झाला असेल. आणि हे मांजर याला आज आठवलं.

"ती जिनिंगवर जायची," साळूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा खाली आलेला गीताबाईंनी कधी ऐकला नव्हता. "सरकीची धूळ नाकातोंडात जायची तिच्या. थकवा होता तो. रातभर मी पाठ चोळायचे तिची. तू तर झोपायचास, कचरू."

सरांचं पेन त्या गोलावर थांबलं होतं. "भरू का, आजी?"

साळूबाईंनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा लावला. "भरा," त्या म्हणाल्या. "आन माझंबी ऱ्हायलेलं अर्धं भरून टाका आता."

मग थुंकीचा कार्यक्रम झाला. छोट्या नळीत रेघेपर्यंत थुंकायचं होतं. वाटतं त्यापेक्षा ते बरंच अवघड निघालं. कचरूबाबांनी चहाच्या ओढीनं सगळ्यांच्या आधी नळी भरली. संघपाल नळी घेऊन गॅलरीत गेला. साळूबाईंनी परक्या पुरुषासमोर थुंकायला साफ नकार दिला आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. त्या इतका वेळ आत राहिल्या की मोनालीला जाऊन विचारावं लागलं. गीताबाईंच्या तोंडाला कोरड पडलेली. संध्यानं त्यांच्यासमोर बसून चिंच, कैरी, लिंबाचं लोणचं अशी एकेक नावं घेतली, तेव्हा कुठं त्यांची नळी भरली. दोघी सासवा-सुना त्यावर हसल्या, आणि हसण्यानं गीताबाईंना ढास लागली.

"आता फुंकर मारायची," सरांनी पिशवीतून एक प्लॅस्टिकची नळी काढली. तिच्यावर आकडे होते आणि फुंकलं की पुढं सरकणारा एक लाल काटा होता. गीताबाई तिला फुंकणी म्हणत. साळूबाईंनी फुंकलं, काटा मधल्यामध्ये थांबला. गीताबाईंनी फुंकलं, काटा त्याच्याही खाली राहिला.

"आता दोघींनी निळा पंप घ्यायचा. नेहमी घेता तसाच. मला बघायचंय."

साळूबाई पुढं सरसावल्या. हा त्यांचा प्रांत होता. त्यांनी पंप वीतभर लांब धरला, आ वासला, डोळे मिटले आणि दाबला. निम्मा फवारा जिभेवर गेला, निम्मा चष्म्यावर बसला. मग लगेच बोलायला सुरुवात. "आसं. दोन येळा घ्यायचा. मनापासून."

कचरूबाबा एस.टी.च्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना राहवलं नाही. "आक्का, नोझल इतकं लांब धरल्यावर डिझेल भाईरच सांडंल की."

"तू गप ऱ्हा," साळूबाई म्हणाल्या.

गीताबाईंनी पंप हलवला. सगळा श्वास सोडला. ओठ घट्ट मिटून पंप धरला, दाबताना हळूहळू आत ओढला आणि धरून ठेवला. मोनालीनं शिकवलं होतं तसं, काडीचाही फरक नाही. सर खुर्चीत पुढं सरकून बघत होते. "सुंदर," ते म्हणाले. गीताबाईंना लाज वाटली. या वयात सुंदर म्हणून घेण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं.

औषध लागू पडायला वेळ द्यायचा होता. थुंकी देऊन झालेली, तेव्हा चहा आला. साळूबाईंनी केलेले पोहेही आले. कचरूबाबांनी लागोपाठ दोन कप घेतले आणि त्यांना पुन्हा माणसात आल्यासारखं झालं.

मग दोघींनी परत फुंकलं. साळूबाईंचा काटा टणकन वर गेला. त्यांनी सगळ्यांवरून एक नजर फिरवली. गीताबाईंनी फुंकलं. पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकताना त्यांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. काटा होता तिथंच.

गीताबाई आता ते इश्वासाचं वाक्य कधी येतंय याची वाट बघत मान खाली घालून बसल्या. साळूबाईंनी तोंड उघडलंही होतं. पण सर आधी बोलले.

"आजी, रोजचा पंप चालू आहे ना? वेळेवर?"

"आहे सर," मोनालीच म्हणाली. "मी दर रविवारी त्याचा काउंटर बघते, किती फवारे उरले तो आकडा. बरोबर उतरतो."

गीताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आज नाही सांगितलं तर उद्या लासूरला साळूबाईंच्या समोर बसून घ्यावा लागणार होता. आणि तिथं मनीप्लँट नव्हतं.

"बंद हाय," त्या म्हणाल्या. "रमाई जयंतीपासून."

"आजी," मोनाली म्हणाली, "फेब्रुवारीपासून? मग काउंटर कसा उतरत होता?"

"मनीप्लँटला... देत होते."

"सकाळ-संध्याकाळ?"

"तूच म्हणलीस की... खाडा करू नको."

संध्या तोंडावर ओढणी धरून स्वयंपाकघरात गेली. "तरीच," कचरूबाबा बाल्कनीकडं बघत म्हणाले, "ते गजांतून वरच्या मजल्यावर पोचलंय."

"हसण्यावारी नेऊ नका," संघपाल म्हणाला. मोबाईल त्यानं पहिल्यांदाच उलटा ठेवला. "आई, का केलंस असं?"

गीताबाईंनी श्वास गोळा केला. "घेतला तरी तसंच वाटायचं. नाय घेतला तरी तसंच. आन घेऊन गुण नाय आला... की समदे म्हणायचे, माझ्याच मनात नाय. मी म्हणलं, मला इश्वास नाय तर नाय. झाडाला तरी आसंल."

कचरूबाबांनी बाल्कनीवरची नजर काढून घेतली.

"आजी, रोजचा पंप सोडलात ही चूक झाली," सर म्हणाले. "तो आतली सूज धरून ठेवतो. तो आजच्या आज सुरू करायचा. पण दुसरी गोष्ट ऐका. जानेवारीत तुम्ही आमच्याकडं दाखल होता, तेव्हा नर्स स्वतः उभी राहून औषध द्यायची. तेव्हाही निळ्या पंपाच्या औषधानं तुमचा काटा फारसा हलला नव्हता. आज तुम्ही बिनचूक घेतला, मी डोळ्यांनी पाहिलं. या आजींनी निम्मा चष्म्याला दिला, तरी त्यांचा काटा वर. मग यात मनाचा संबंध कुठं आला?"

साळूबाईंनी चष्मा काढून बघितला.

"मग कशाचा हाय संबंध?" त्यांनी विचारलं. विचारण्यात भांडण नव्हतं, हे गीताबाईंच्या लक्षात आलं.

"श्वासनळीत औषधाला जाऊन बसायला जागा असतात. त्या जागा कशा घडवायच्या, ते जनुकं ठरवतात. निम्मी आईकडून येतात, निम्मी वडिलांकडून. माणसागणिक त्यांत बारीकसा फरक असतो. एकाच्यात औषध चपखल बसतं, दुसऱ्याच्यात नीट पकडत नाही."

"आटे जुळत नाय," कचरूबाबा म्हणाले. "बोल्ट कंपनीचा आन नट सिल्लोडचा."

"तसंच काहीसं, बाबा. पण आजींच्यात तोच फरक आहे, हे मी छातीठोक सांगणार नाही. अजून अभ्यासच चाललाय. थुंकीचा निकाल यायला दिवाळी उजाडेल, आणि नुसत्या त्यावरून एका माणसाचं औषध आम्ही ठरवतही नाही."

"म्हंजे दिवाळीपर्यंत... मी अशीच?" गीताबाईंनी विचारलं.

"छे. तोवर काटा आहे की आपल्याकडं. दुसऱ्या जातीचं औषध देऊन बघू."

कचरूबाबांनी कप खाली ठेवला. "औषधातबी जात हाय का, डॉक्टर?"

सर गडबडले. "प्रकार, बाबा. दुसऱ्या प्रकारचं म्हणायचं होतं मला."

"हां. प्रकार चालंल."

त्या औषधाचा पंप सरांच्या पिशवीत होता. ते वेगळ्या वाटेनं जातं आणि जरा सावकाश काम करतं, असं त्यांनी सांगितलं. गीताबाईंनी ते घेतलं, तसंच, बिनचूक. मग सगळे वाट बघत बसले. वाट बघण्यासारखं काही नाही असं दाखवण्यासाठी कचरूबाबांनी सरांना वर्कशॉपमधल्या इंजिनांच्या गोष्टी सांगितल्या. संघपालनं विचारलं की आपल्यालाही दमा आहे तर आपला काटा कोणासारखा, आत्यासारखा की आईसारखा. मोनाली म्हणाली, "पप्पा, तुम्ही पंप घेता घेता फोनवर बोलता. आधी ते थांबवा, मग जनुकांचं बघू."

गीताबाईंनी या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. त्या छातीवरचं ओझं चाचपून बघत होत्या. कमी झाल्यासारखं वाटत होतं. पण तसं यापूर्वीही वाटलं होतं, चार माणसं समोर आशेनं बघत असली की वाटतंच. म्हणून त्यांनी स्वतःला काही वाटू द्यायचं नाही असं ठरवलं आणि हातातल्या थंड पोह्यांचा घास घेतला.

"संध्या, ह्या पोह्यांत मीठ कमी पडलंय आन शेंगदाणे कच्चे ऱ्हायलेत, कांदाबी नीट परतला नाय, कोणी केले गं हे?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की सगळे त्यांच्याकडं बघतायत. संध्या स्वयंपाकघराच्या दारात उलथनं घेऊन उभी होती. मोनालीच्या डोळ्यांत पाणी होतं. गीताबाईंना आधी वाटलं, आपलं काही चुकलं. पोहे साळूबाईंनी केले होते, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

"आजी," मोनाली म्हणाली, "एका श्वासात बोललीस तू."

सरांनी फुंकणी पुढं केली. काटा वर गेला. साळूबाईंच्याएवढा काही गेला नाही, पण सकाळच्या जागेवरून तो चांगलाच हलला होता, आणि दुसऱ्यांदा फुंकलं तेव्हा पुन्हा तिथंच जाऊन थांबला.

"हे माझ्या पोह्यांमुळं झालं," साळूबाई म्हणाल्या. त्यावर सरसुद्धा हसले, आणि गीताबाईंना पहिल्यांदाच हसताना ढास लागली नाही.

सर निघाले तेव्हा त्यांनी नवं औषध कसं घ्यायचं ते सांगितलं, रोजचा पंप मनीप्लँटऐवजी आजींनीच घ्यावा हेही सांगितलं, आणि पंधरा दिवसांनी दाखवायला बोलावलं. साळूबाईंना त्यांनी फुग्यासारखं एक पारदर्शक नळकांडं दिलं. ते पंपाला जोडलं की औषध चष्म्याकडं जात नाही.

"पंधरा दिवसांनी लासूरहून येणं कुठं अवघड हाय," साळूबाई दार लागल्यावर म्हणाल्या. "सकाळच्या गाडीनं येऊ आमी."

"आत्याबाई," संध्या म्हणाली, "आई कुठं जाणार नाहीत."

संध्या या घरात आल्यापासून गीताबाईंचं आणि तिचं फार जमलं, असं कोणी म्हणालं नसतं. पिठाचा डबा कुठं ठेवायचा यावरून त्या दोघींनी एकदा आठवडाभर अबोला धरला होता. पण चार महिने स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुणी होऊन राहिल्यावर तिलाही काही गोष्टी नव्यानं दिसल्या होत्या. तिनं कोपऱ्यातली गीताबाईंची पिशवी उचलली, आतली लुगडी काढली आणि कपाटात रचायला सुरुवात केली.

साळूबाईंनी भावाकडं पाहिलं. कचरूबाबांनी मान हलवली. आता ती कोणाच्या बाजूनं हलवली, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं, पण त्यांचं तोंड कपाटाकडं होतं.

संध्याकाळी गीताबाई बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. घरातले बाकीचे खाली सोसायटीच्या मीटिंगला गेले होते. साळूबाई आल्या, उगाच मनीप्लँटचं एक पिवळं पान तोडलं, आणि स्टूल ओढून समोर बसल्या. हातात त्यांचा रोजचा पंप आणि ते नवं नळकांडं होतं. नळकांडं उलटं जोडलेलं होतं.

"उद्या जाईन म्हणते मी," त्या म्हणाल्या.

"ऱ्हावा की दोन दिवस," गीताबाई म्हणाल्या. आपण हे का बोललो, ते त्यांना कळलं नाही.

"आई शेवटी शेवटी लई हळू बोलायची," साळूबाई रस्त्याकडं बघत म्हणाल्या. "एक शब्द, मग थांबायची. तू बोलायला लागलीस ना तशी, की माझं डोकंच फिरायचं बघ."

गीताबाईंनी हात पुढं केला. त्यांनी साळूबाईंच्या हातातून पंप घेतला, नळकांडं सरळ करून जोडलं आणि परत दिलं.

"कसं धरतीस तू, ते दाव," साळूबाई म्हणाल्या. "आन संध्याला सांगू नको."

"आधी श्वास सोडा, आक्का. समदा. आजून सोडा, आत काय बी ठेवू नका. आता ओठ मिटा घट्ट. दाबा. हळू वढा, हळू... घाई नाय. हां. आता धरून ठेवा. बोलायचं नाय. मी धा मोजते."

साळूबाई गाल फुगवून, डोळे मोठे करून भावजयीकडं बघत बसल्या. गीताबाईंनी एक म्हटलं, दोन म्हटलं. पन्नास वर्षांत ही बाई आपल्यासमोर इतका वेळ गप्प कधी बसली नव्हती. सात म्हटलं, आठ म्हटलं. गीताबाई नवापर्यंत आल्या आणि तिथं जरा रेंगाळल्या.